सुभेदार आणि मळके बूट

माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी पायांकडे बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सांगवीत आमच्या इमारतीसमोर माजी सैनिकांच्या संघटनेचा एक जुना हॉल आहे. त्याच्या मागच्या दोन खोल्यांत सैनिकी वस्तूंचं छोटं संग्रहालय आहे, आणि ते सुभेदार चालवायचे. दारात कोणी आलं की हे आधी खाली बघणार. "पाय सात नंबरचा, बूट आठचा. म्हणून टाचेला घासतं." समोर आयटीतला एखादा मुलगा असायचा, फोटो काढायला आलेला. तो बिचारा आपल्या बुटांकडे बघायचा, मग यांच्याकडे, आणि म्हणायचा, "हो काका, घासतं खरं." झालं! त्याला बाकावर बसवून लेस कशी ओढावी इथपासून शिकवणी सुरू. तोफेच्या रिकाम्या पुंगळीशेजारी सेल्फी हवी असेल तर खांदे मागे, हनुवटी वर, खिशातला हात बाहेर. नाहीतर मोबाईल खिशात आणि तुम्ही बाहेर.

शाळेची पोरं आली की एक प्रश्न ठरलेला. "आजोबा, तुम्ही किती शत्रू मारले?"

"एकही नाही. मी पलटणीच्या स्टोअरला होतो. बूट वाटले."

पोरांची तोंडं उतरायची. मास्तरांचीही. एकदा मी म्हटलं, "अहो, काहीतरी रंगवून सांगा ना. तेवढीच मुलं खूश होतील." त्यावर म्हणाले, "ज्यांनी लढाई केली त्यांच्या वस्तू आत ठेवल्यात. त्यांना विचारा म्हणावं." आणि ब्रश घेऊन निघून गेले.

मी स्वतः तिथं भांडायला गेले होते. चाकणच्या एका कंपनीत मी वर्षानुवर्षं स्टोअर सांभाळलं, नट-बोल्टपासून गॅस्केटपर्यंत. नोकरी सुटल्यावर आता सकाळी जरा लोळत पडावं म्हटलं, तर शनिवार-रविवार समोरून भल्या पहाटे शिट्टी! एक रविवार सहन केला, दोन केले. तिसऱ्या रविवारी गाऊनवर ओढणी टाकली आणि तरातरा खाली उतरले. म्हटलं, आज याची शिट्टी याच्याच घशात घालते. हे दारात उभे, पांढरा शर्ट, खाकी पॅंट, इस्त्री अशी की बोट कापेल. मी तोंड उघडायच्या आत माझ्या चपलेकडे बघून म्हणाले, "जवान, अंगठा तुटायला आलाय."

जवान! मला! मग मी जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवाज चांगला आहे. गिनतीला उपयोगी पडेल. आलाच आहात तर त्या काचा पुसून घ्या." आणि मी मेली काचा पुसत बसले की! घरी गेल्यावर स्वतःच्याच कपाळाला हात लावला.

गिनती म्हणजे हजेरी. पलटणीत जवानांची होते ती. सुभेदार वस्तूंची घ्यायचे. शनिवार-रविवार संग्रहालय उघडायच्या आधी ती शिट्टी झाली की आम्ही ओळीत उभं राहायचं आणि ते एकेका वस्तूचं नाव पुकारायचे. सगळी नावं तोंडपाठ. प्रत्येक वस्तू आमच्यापैकी कोणाच्या तरी ताब्यात दिलेली असायची, आणि तिच्या वतीनं त्या माणसानं ओरडायचं, "हाजिर!" आम्ही म्हणजे कोण, तर मी आणि फिटरमामा. हे मामा मूळचे बीडकडचे, भोसरीच्या वर्कशॉपात हयात घालवलेली. गंजलेलं काहीही त्यांच्या हातात दिलं की चालू होऊन परत यायचं. मामांकडे फील्ड टेलिफोन, दुर्बीण, तंबूच्या मेखा. माझ्याकडे स्टोव्ह, बर्फातले गॉगल आणि एक पाण्याची बाटली. पन्नाशी उलटलेली बाई मी, स्टोव्हच्या वतीनं "हाजिर" म्हणून ओरडत होते, आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनी गॅलरीतून हसत होत्या. एकदा मुद्दाम गप्प बसले. सुभेदारांनी तीनदा पुकारलं, "स्टोव्ह!" मग मामांना म्हणाले, "बघा, आजारी आहे का." मामांनी खरंच जाऊन त्याला पिन मारली. आता सांगा, अशा माणसांशी भांडायचं तरी कसं?

धुळीशी मात्र सुभेदारांचं उभं वैर होतं. आमच्याकडे चारी बाजूंनी बांधकामं, मोठ्या रस्त्यावर डंपर, त्यामुळे धूळ काय, पुसावी तेवढी कमीच. ते दिवसभर फडकं खांद्यावर टाकून फिरायचे. चहा उभ्यानं प्यायचे, कपाच्या बुडाखाली ओला गोल उमटू नये म्हणून. पितळेची बक्कलं, पुंगळ्या, बॅज सगळं लखलखायचं. एकदा मी म्हटलं, "जुन्या वस्तू थोड्या जुन्या दिसल्या तर बिघडलं काय?" तर मलाच सुनावलं, "तुम्ही पाहुण्यांसमोर मळक्या साडीत बसता का? मग ज्याची ही वस्तू आहे त्याची बेअब्रू का करायची?" त्यांच्या हिशेबी वस्तू आणि माणूस यांत फरकच नव्हता.

आणि बूट म्हणजे तर यांचा जीव. पॉलिशच्या डब्या, दोन ब्रश, जुन्या बनियनचं मऊ फडकं. मागच्या पायरीवर बसून ते बुटाच्या पुढच्या टोकावर थुंकी लावून गोल गोल बोट फिरवत राहायचे. तेवढा वेळ त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती.

चाकणच्या पलीकडच्या एका गावातून ती बाई आली तो दिवस मला आठवतो, कारण चहा मीच करत होते. एका कंपनीच्या कॅंटीनमध्ये पोळ्या लाटायची, सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून आली होती. हातात कापडी पिशवी. नवरा फौजेत होता. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हा डोंगरातल्या एका चौकीवर दरड कोसळून गेला. त्याची ट्रंक घरी आली, तिच्यात त्याचे बूट होते. इतकी वर्षं ट्रंक तिच्या खाटेखाली होती. आता दीर जुनं घर पाडून कंपनीतल्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्या बांधत होता, आणि तिला राहायला एक खोली मिळणार होती, तीही कधी ते देव जाणे.

"सामान हिकडं तिकडं व्हतंय," ती म्हणाली. "ह्ये कुनी फेकून दिलं तर मी काय करू? हितं ऱ्हातील न्हवं नीट?"

सुभेदारांनी पिशवीतून बूट काढले, दोन्ही हातांवर घेतले आणि चक्क त्यांच्यापुढे टाचा जुळवल्या. म्हणाले, "बाई, आजपासून हे आमच्या पलटणीत. काळजी सोडा." बुटांना वाळलेली माती होती, करड्या रंगाची, तळाला आणि शिवणीत घट्ट बसलेली. तिनं बुटांवरून एकदा बोट फिरवलं, चहा प्यायली आणि बस चुकेल म्हणून निघाली.

पुढचा आठवडा मी आळंदीला होते, भाचीच्या लग्नाला. परत आले तो काचेच्या कपाटात मधल्या फळीवर बूट उभे. काळेभोर, आरशासारखे! लेस नव्या, शिवणी स्वच्छ. मी आपलं कौतुकच केलं. सुभेदार लहान मुलासारखे खूश होते. म्हणाले, "दोन दिवस लागले. शिवणीतलं काडीनं काढलं. तळाच्या खिळ्यांमधलंसुद्धा."

संग्रहालयाच्या पाटीवर नंबर माझा आहे. एका शनिवारी तिचा फोन आला. "बाई, उद्या येते मी. काचंच्या आत ठिवल्यात का वो? काच उगडता यील?"

म्हटलं, "येईल की. का गं?"

"मला बोट लावायचं आसतं. मातीला." मग म्हणाली, "त्यांच्या दिसाला मी ट्रंक उगडते आन् मातीला बोट लावते. दुसरं काय बी न्हाई. येवडंच करते वरसाला."

मी "ये" म्हटलं आणि फोन ठेवला. मागच्या पायरीवर सुभेदार आणि मामा बसले होते, त्यांना जाऊन सांगितलं. सुभेदारांनी हातातला ब्रश खाली ठेवला आणि दोन्ही तळवे उलटसुलट करून बघत राहिले.

मामांचं डोकं लगेच चालू झालं. "घाबरायचं काय त्यात? मी आणतो की माती. मोशीकडं तसलीच करडी भेटते. पाण्यात कालवतो, बसवतो, हीटरवर वाळवतो. कोनाला कळायलंय?"

खरं सांगते, मला ते पटलं. मी म्हटलं, "मामा, आत्ताच्या आत्ता जा." बाईला वर्षातून एकदा बोट लावायला मिळतं, तेवढं मिळू दे, खऱ्याखोट्याचं काय लोणचं घालायचंय? मामा गाडीची किल्ली शोधायला लागले.

"बसा," सुभेदार म्हणाले. "तिनं आपल्याला खरी वस्तू दिली. आपण तिला खोटी दाखवायची?"

"मग सांगणार काय तिला?"

"पुसली म्हणून सांगणार."

"मरेल हो ती!"

"मी सांगणार," ते म्हणाले. "तुम्ही दोघं मधे पडू नका. हुकूम आहे."

दुसऱ्या दिवशी ते सकाळपासून फाटकाशी उभे होते. गिनती घेतली नाही. ती आली, हातात मोगऱ्याचा छोटा गजरा होता. ती फाटकाच्या आत पाऊल टाकायच्या आधीच सुभेदार म्हणाले, "बाई, बूट मी पुसले. माती गेली. मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच केलं."

तिला आधी कळलंच नाही. हसून "व्हय का" म्हणाली आणि आत गेली. मी काच उघडून दिली. तिनं बूट उचलला, उलटा केला, शिवणीत नख घातलं, दुसरा उचलला. मग जे सुरू झालं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

"कुनी सांगितलं व्हतं तुमाला? आं? लय मोटं सायब झालात! घरात कुनाला हात लावू दिला न्हाई म्या. सासू बोलली, जाऊ बोलली, समद्यांचं ऐकून घेतलं. आन् तुमाला इस्वासानं दिलं तर तुमी धुऊन मोकळं!"

सुभेदार सावधानमध्ये उभे, नजर समोर. ती रडत होती आणि बोलतही होती. "त्यांना चकचकीत आवडायचं, ठावं हाय मला. सुट्टीला आलं तरी बूट घिऊन बसायचं, म्या भांडायची. पन ही माती पुसाया त्यांना येळ घावला न्हवता. कळतंय का तुमाला? येळच घावला न्हवता वो!"

माझ्याच्यानं बघवेना, मी तोंड फिरवलं. मामा केव्हाचे बाहेर जाऊन नळ सोडून बसले होते, उगाचच.

ती थांबल्यावर सुभेदार म्हणाले, "बूट परत न्या. मी घरापर्यंत आणून देतो."

"कुटल्या घरी? पाडलंय घर." तिनं पदरानं तोंड पुसलं. "ऱ्हाऊ द्या हितंच. पन पुन्यांदा हात लावायचा न्हाई. बुरूस न्हाई, फडकं न्हाई, काय न्हाई."

"हुकूम," सुभेदार म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी ते बूट काचेतून काढून दारापाशी उघड्या स्टुलावर ठेवले, तिला यावंसं वाटलं तर मधे काच नको म्हणून. आणि मग आमच्या सांगवीच्या धुळीनं आपलं काम सुरू केलं. आठवड्यात चमक गेली. महिन्यात बूट करडे दिसायला लागले. सुभेदार फडकं घेऊन सगळ्या खोलीतून फिरायचे आणि स्टुलापाशी आले की हात पाठीमागे बांधून पुढे जायचे. मी बघायची ना! आपलं पोर ताटातलं टाकून उठल्यावर आई जशी कासावीस होते तसे व्हायचे. एकदा एका पोरानं बुटावर बोटानं रेघ ओढली तर त्याच्यावर केवढ्यानं खेकसले! नंतर त्याला लिमलेटची गोळी देऊन समजूत काढली.

ती मधून मधून यायची. माझ्याशी बोलायची, मामांशी बोलायची, सुभेदारांशी अवाक्षर नाही. ते चहा पुढे करायचे, ती म्हणायची, "मी घिऊन आलेय." कसली घेऊन येते, दोन बस बदलून! पण मी मधे पडले नाही, मला हुकूमच होता.

अशात संघटनेचे अध्यक्ष पाहणीला येणार असं ठरलं. निवृत्त मोठे अधिकारी. सुभेदारांनी तीन दिवस आधीपासून आमचा जीव खाल्ला. फरशी, काचा, छताचा पंखासुद्धा खाली उतरवून पुसला. आयुष्यभर ज्या गोष्टीची वाट बघितली ती पाहणी ती, दुसरं काय! साहेब आले, सगळं बघून खूश झाले, आणि जाता जाता दारापाशी थांबले.

"सुभेदार, ये क्या है? जवान के जूते की ये हालत? तुम्हारे होते हुए?"

"जी साब. गलती मेरी है."

"शर्म आनी चाहिए. तुमसे ये उम्मीद नहीं थी."

"जी साब."

मी तोंड उघडलंच होतं. सुभेदारांनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. आयुष्यात एवढं गप्प मला कोणी केलेलं नाही, नवऱ्यानंसुद्धा नाही. साहेब गेल्यावर मात्र मी सुटले. "दोन वाक्यांत सांगून टाकलं असतं तर काय जिभेला फोड आला असता? साहेबांनी तुमची पाठ थोपटली असती!"

"म्हणूनच नाही सांगितलं," ते म्हणाले. "ऐकून त्यांनी मला माफ केलं असतं. माफ करणारे ते कोण?" आणि पंख्यावर एक डाग राहिला म्हणून मामांना शिडी आणायला पाठवलं.

मामांच्या पोटात तीळ भिजत नाही. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा त्यांनी तिला सगळं साग्रसंगीत सांगितलं, साहेबांच्या हिंदीसकट. तिनं ऐकून घेतलं. बुटांपाशी गेली, वरच्या धुळीला बोट लावलं आणि तसंच धरून जराशी उभी राहिली. मग सुभेदार चहाचा कप घेऊन उभे होते तिथं गेली, काही न बोलता तो घेतला आणि प्यायली. "साकर कमी हाय," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून सुभेदार चहात इतकी साखर घालायला लागले की तो आमच्या कोणाच्या घशाखाली उतरेना.

सुभेदार गेले ते काळेवाडीतल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत, आजारपणानं, साधेपणानं. शेवटचे काही आठवडे अंथरुणावरच होते. साताऱ्याकडून पुतण्या आला, खोली रिकामी केली आणि त्यांचे बूट आम्हाला देऊन गेला. इतके दिवस कोणी हात न लावलेले, खाटेखाली पडून धूळ बसलेले. मामा आणि मी दोघंही म्हणालो, आता शहाणे झालोय आपण, पुसायचे नाहीत. असतील तसे ठेवायचे. मी ते तसेच दुसऱ्या स्टुलावर ठेवले.

रविवारी ती आली. आधी नवऱ्याच्या बुटांना बोट लावलं, मग शेजारी बघितलं.

"ह्ये असं ठिवायचं?"

"तूच शिकवलंस ना आम्हाला," मी म्हटलं. "हात लावायचा नाही म्हणून."

"माजं येगळं, बाई." तिनं बूट उचलले. "ह्यो मानूस चार लोकांत मळक्या बुटानं उबा ऱ्हाईल व्हय? कुटं हाय त्यांचा डबा?"

मी पॉलिश, ब्रश, बनियनचं फडकं काढून दिलं. ती मागच्या पायरीवर बसली, पदर खोचला आणि बुटाच्या टोकावर थुंकी लावून बोट गोल गोल फिरवायला लागली. नवऱ्याला करताना बघितलेलं, म्हणाली, स्वतः कधी केलेलं नव्हतं. मधेच डोळे पुसताना काळं गालाला लागलं. बराच वेळ बसली होती. चमक आली तशी, पण टाचेकडचं राहिलंच. सुभेदारांनी पुन्हा करायला लावलं असतं, तिलासुद्धा.